लाल ओळ

रिझवानने पान उघडलं आणि पहिल्याच लाल ओळीत त्याला स्वतःचं नाव दिसलं.

पान त्यानेच तयार केलं होतं. नाशिक रोडच्या त्याच्या कंपनीचं एक सॉफ्टवेअर होतं. ठरलेली कामं ठरलेल्या वेळी आपोआप करणारं. त्याला जोडलेलं एखादं प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम, सुरूच झालं नाही, तर ते गपचूप त्याला वगळून पुढे जायचं. चूक कुठल्याशा फाइलीत नोंदली जायची आणि ती फाइल उघडायला कुणाचं काय अडलं होतं? गिऱ्हाइकं कावली तेव्हा साहेब म्हणाले, "चुका स्क्रीनवरच दाखव. लाल रंगात."

शेजारची निकिता डोकावून हसली. "दिव्याखाली अंधार! पहिलं बिघडलेलं तुझंच निघालं की. कसलं आहे हे?"

"घरचं होतं," रिझवान म्हणाला. "जुनं."

ते अब्बांसाठी होतं. येवल्यात पैठण्या विणता विणता त्यांची, हबीबमियांची, नजर गेली, मग हृदयानेही कुरकुर सुरू केली. सकाळची गोळी चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रिझवानला रोज फोन जमेना; ईदलाही जाणं झालं नव्हतं. म्हणून त्याने एक प्लगइन लिहून ते काम कंपनीच्याच सॉफ्टवेअरवर सोपवलं. रोज सकाळी सात वाजता मेसेज जायचा, 'अब्बा, गोळी घेतली का?' अम्मी वाचून दाखवायची आणि अब्बा सांगतील ते उत्तर टाइप करायची.

उत्तर यायचं, 'घेतली.' पुढे पुढे यायला लागलं, 'घेतली. वाट बघतो.' म्हातारं माणूस, उद्याच्या मेसेजची वाट बघत असेल, असं समजून रिझवान कामाला लागायचा.

लाल ओळीत प्लगइन बंद पडल्याची तारीख बारा फेब्रुवारी होती. अब्बा गेले जूनमध्ये, एका रविवारी दुपारी. म्हणजे शेवटचे चार महिने एकही मेसेज गेला नव्हता. मग ती उत्तरं कसली होती? मुलाला घोर नको म्हणून अम्मीने मनानेच पाठवलेली? गोळीवाचून बाप गेला आणि आपल्याला पत्ताही नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने सकाळची येवल्याची एसटी धरली. विंचूरला कांद्याच्या ट्रॅक्टरांत गाडी अडकली, तेव्हा चार वेळा वाटलं, उतरावं आणि परत फिरावं.

घरात मागावर चादर टाकलेली होती. त्याची अम्मी सलिमा एकटीच बसली होती. त्याने चपलाही काढल्या नाहीत.

"अम्मी, फेब्रुवारीपासून माझा मेसेज येत नव्हता?"

"नव्हता."

"मग अब्बांची गोळी?"

"घ्यायचे की. एक दिवस चुकले नाहीत." तिने फळीवरून बिस्किटांचा डबा काढला. आत गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचा गठ्ठा होता, रबर लावलेला. विणकराच्या घरात धाग्याचा तुकडाही टाकत नाहीत. "तुझा मेसेज आल्याशिवाय गोळी तोंडात घालत नव्हते. मग मीच म्हणायचे, रिझवानचा मेसेज आला बघा. त्यांना कुठे दिसत होतं?"

रिझवान मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. आपल्या हातून अब्बा गेले नाहीत, एवढंच त्याला ऐकायचं होतं.

"तू सावरलंस, अम्मी," तो म्हणाला. "मला सांगितलं का नाहीस?"

"तू कामात असायचास, बेटा." सलिमा गठ्ठ्याला रबर नीट बसवत होती. "रोज तेच ते काय वाचायचं, म्हणून मी पदरची एक ओळ घालायचे. 'अब्बा, रविवारी जेवायला येतो.' केवढे खूश व्हायचे! लगेच सांगायचे, लिही, वाट बघतो. मग रविवारी तीन-तीन वाजेपर्यंत उपाशी बसायचे, तू आल्याशिवाय घास घेणार नाही म्हणून. गेले त्या दुपारीही तुमची दोघांची ताटं झाकलेलीच होती."