दुसऱ्या मजल्यावरचा थांबा

पावलं दुसऱ्या मजल्यावर थांबली. आजही.

ती चौथ्या मजल्यावर, दाराच्या फटीला कान लावून उभी होती. नवरा बसचा ड्रायव्हर. पूर्वी ड्युटी संपली की शीळ घालत, दोन-दोन पायऱ्या एकदम चढत वर यायचा. आता शीळ बंद झाली होती आणि दुसरा मजला आला की पावलं गप्प व्हायची. तिथे शिवणकाम करणारी बाई राहायची. एकटी. दिसायला बरी, बोलायला त्याहून बरी. नवरा तिला ताई म्हणायचा. ताई म्हटलं की पुरुषांचं सगळं झाकून जातं, हे काय हिला ठाऊक नव्हतं?

त्यात तो वास. घरात कित्येक दिवसांत मासा शिजला नव्हता आणि नवऱ्याच्या ढेकराला माशाचा वास यायचा. ती लाँड्रीत डाग काढायच्या कामावर होती. कपडा नाकाशी नेला की डाग कशाचा ते सांगायची. तिच्या नाकाला फसवणं सोपं नव्हतं. डेपोच्या कँटीनमध्ये खाल्लं, असं तो म्हणाला. कँटीनमध्ये चहा-बिस्किटांपलीकडे काही मिळत नाही, अशी कुरकुर त्यानंच कितीदा केली होती. खोटं बोलायचं तर निदान धड तरी बोलावं.

रात्री तिनं त्याच्या छातीवर डोकं ठेवलं की तो ते हळूच बाजूला सारायचा. उकडतंय, म्हणायचा. हे मात्र तिला फार लागलं होतं. बहिणीला फोनवर सांगितलं तेव्हा बहिणीनं एकच सल्ला दिला, रडत बसू नकोस, रंगेहाथ पकड.

ती अनवाणीच खाली उतरली. दुसऱ्या मजल्यावरचं दार अर्धवट उघडं होतं. आत नवरा शिवणाच्या मशीनपाशी खुर्चीत बसला होता, मान मागे टाकून. शर्टाची वरची बटणं सुटलेली. ती बाई त्याच्या पुढ्यात पाण्याचा पेला धरून उभी होती. हिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"चालू द्या तुमचं," ती म्हणाली. "मी काय, घरचीच आहे."

तो घाईनं उठायला गेला आणि पुन्हा मटकन खाली बसला. शिवणकाम करणारीनं पेला बाजूला ठेवला. तिच्या दुसऱ्या हातात एक बाटली होती, तीही तिनं मशीनवर ठेवली. ती ना घाबरली, ना ओशाळली.

"बरं झालं वहिनी, तुम्हीच आलात," ती म्हणाली. "मी यांना रोज सांगते, घरी सांगा म्हणून. आज मीच वर येणार होते."

बाटलीत पिवळ्याजर्द, मऊ गोळ्या होत्या. वर माशाचं चित्र, त्याच्या शेजारी लालभडक हृदय. हिनं झाकण उघडलं. तोच वास.

मग तो जमिनीकडे बघत बोलू लागला. कधीपासून जिना चढताना छाती आवळल्यासारखी व्हायची. दुसऱ्या मजल्यापुढे दमच पुरायचा नाही. डेपोतल्या एका जुन्या ड्रायव्हरनं सांगितलं, माशाचं तेल घे, आतल्या नळ्या साफ होतात. डॉक्टरकडे गेलं की त्यानं दिलेल्या गोळीचं डेपोत कळतं, वार्षिक तपासणीत नाव निघतं आणि गाडी कायमची हातातून जाते. तेलाला कोण विचारतंय? घरी बाटली दिसली तर ही खोदून खोदून विचारणार, म्हणून ती इथे ठेवली. आधी एक गोळी घ्यायचा. बरं वाटेना, तसा वाढवत गेला. आता जास्त त्रास झाला की मूठभर.

"औषध थोडंच आहे ते," तो म्हणाला. "नुसतं तेल. तेलानं काय होणार?"

तिनं बाटली फिरवली. लाँड्रीत कुठलाही कपडा भिजवण्याआधी तो उलटा करून आतली बारीक पट्टी वाचायची, ही सवय हातांनाच लागलेली. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, हे औषध नाही. कुठल्याही आजारावर उपचार म्हणून घेऊ नये. हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

तिनं त्याच्या छातीवर तळवा ठेवला. या वेळी त्यानं तो बाजूला सारला नाही. आतले ठोके धावत होते, अडत होते, पुन्हा धावत होते, दोऱ्याचा गुंता झालेल्या मशीनसारखे. घरी रोज हेच ऐकू येईल म्हणून तो तिचं डोकं दूर सारत होता.

"उद्या सकाळची गाडी आहे," तो म्हणाला. "तेवढी काढतो. मग बघू."

"आत्ता जायचं," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. शिवणकाम करणारीनं ॲम्ब्युलन्सला फोन लावलासुद्धा होता. इमारतीचा पत्ता सांगितला, मजला सांगितला, माणसाला जिना उतरवत नाही हेही सांगितलं. तिकडून थांबायला सांगितलं असावं. ती फोन कानाशी धरून उभी राहिली.

ही तिथेच जमिनीवर, कापडाच्या चिंध्यांत बसली. इतक्या दिवसांत तिनं एकेक पुरावा जमवला होता. थांबलेली पावलं, बंद झालेली शीळ, नको झालेला स्पर्श. सगळं अगदी बरोबर ऐकलं, बरोबर पाहिलं आणि अर्थ मात्र भलताच लावला. आता तिला इतकी भीती वाटत होती की रडूसुद्धा येत नव्हतं.

तिनं त्या बाईचा मोकळा हात घट्ट धरला.

"ताई," ती पहिल्यांदाच म्हणाली. "एकदा म्हणा ना, माझा संशय खरा होता म्हणून."