दीड वाजताची लाइट

सव्वादोन झाले तरी लाइट गेली नाही, आणि शैलाताईंचा जीव टांगणीला लागला.

अकोल्याजवळच्या त्या बियाणे केंद्रात अकरा वर्षं रोज दुपारी दीडला लाइट जायची. आज त्याच भरवशावर ताईंनी दोन कॉम्प्युटर इन्व्हर्टर न लावता मांडले होते. दोन्हींत डिस्कवर माहिती उतरवणारे कंट्रोलर, दोन वेगळ्या कंपन्यांचे. तुरीच्या सगळ्या नोंदी पहिला चार मिनिटांत उतरवून 'झालं' म्हणायचा, दुसरा बावीस मिनिटं घ्यायचा. पण पहिला बरंचसं काम मनातच ठेवून 'झालं' म्हणतो आणि लाइट गेली की सारं विसरतो, असा ताईंचा वहीम होता. त्या नोंदी त्यांनी उन्हातान्हात फिरून घेतल्या होत्या. गेल्या साली एकदा अर्ध्या गेल्या, तेव्हा त्या दोन दिवस जेवल्या नव्हत्या.

केंद्राचे संचालक गोपाळकृष्ण सर मात्र वेगावर खूश होते. साडेतीनच्या बसनं अमरावतीला जाण्याआधी ते पहिल्याच्या खरेदीच्या कागदावर सही करणार होते. वायर उपटून दाखवते, असं ताई म्हणाल्या, तर पहिल्या कंपनीचा विक्रेता शुभंकर म्हणाला, हातानं घालवलेली लाइट कंपनी धरत नाही, आपोआप गेली तर गोष्ट वेगळी. सरांना ते लगेच पटलं.

शेवटी ताई तणतणत कुंपणाबाहेरच्या डीपीकडे, विजेच्या ट्रान्सफॉर्मरकडे निघाल्या. डीपीखाली लाइनमन खुशालराव उकिडवे बसले होते.

"आज लाइट काहून नाही गेली, खुशालराव?"

खुशालरावांची छाती फुगली. 'उद्या दीडला नक्की जाईल ना?' असं ताईंनी काल फोन करून विचारलं होतं. खुशालरावांना तो टोमणाच वाटला. अकरा वर्षं त्यांचे टोमणे पचवले, पण हा जिव्हारी लागला.

"सकाळपासून इथून हललो नाई, म्याडम. दालमिलवाल्याले सांगतलं, मी बसून हाओ तोवर दुसरी मोटर लावू नको. ते लागली का फ्यूज उडालाच समजा."

ताईंना आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. या माणसाशी आपण कधी धड बोललोच नाही.

"जेवले नसाल तुम्ही. घरी जाऊन जेवून या."

"मी उठलो का लाइट गेली, म्याडम."

"जाऊ द्या. तुम्ही जेवून या."

मागे वळून वळून पाहत खुशालराव गेले. ताई पळतच आत आल्या आणि त्यांनी दोन्ही कॉम्प्युटर कामाला लावले. चार मिनिटांनी पहिला 'झालं' म्हणाला. सरांनी पेनाचं टोपण काढलं, आणि लाइट गेली.

वीस मिनिटांनी आली. पहिल्याची फाइल उघडेना. दुसऱ्यानं उतरवलेलं सगळं जागेवर होतं, आणि राहिलेलं पुढे चालू करू का, असं तो विचारत होता. सरांनी दुसऱ्याच्या कागदावर सही केली. शुभंकर आपली वायर गुंडाळू लागला.

ताईंचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच दारात खुशालराव येऊन उभे राहिले. धाप लागलेली, मिशीला वरण तसंच. ते मान वर करेनात.

"दोन घास खाल्ले नसतीन, तं गेली पहा," ते म्हणाले. "उद्यापासून डबा डीपीखालीच आणतो, म्याडम."