लांबची सवारी

बाबामियाँनी मदिहाचा पासपोर्ट शर्टाच्या खिशात घातला आणि वरून बटण लावून टाकलं.

"मस्कतबिस्कत काही न्हाय. लई लांब हाय."

त्यांच्या मते विषय तिथंच संपला. लांब काय आणि जवळ काय, हे बाबामियाँना कुणी शिकवायची सोय नव्हती. येरमाळा ते धाराशिव काळीपिवळी जीप चालवण्यात त्यांची अर्धी हयात गेली होती. गाडीचा कायदा एकच, आणि तो कडक: घरचं माणूस गाडीत बसवायचं नाही. घरच्यांनी सीट अडवली की धंदा बसलाच. हा कायदा त्यांनी एकदाही मोडला नव्हता, आणि हे ते चारचौघांत छाती पुढं काढून सांगत.

मदिहानं नर्सिंग केलं होतं. मस्कतच्या एका दवाखान्यानं तिला बोलावलं होतं आणि होय की नाही ते आजच कळवायचं होतं. पण पोरगी रडून मागणाऱ्यातली नव्हती. तिनं मोबाइल सरळ बापासमोर धरला.

"बघा अब्बा. हैदराबाद ते मस्कत, विमानानं सव्वातीन तास. तेवढ्यात तुमची गाडी पुण्याला तरी पोचती का?"

"तास काय दाखवतीस मला?" बाबामियाँ हसले. "माणसाला वाटलं, उठलं, आन् आईबापाला भेटून आलं. त्याला जवळ म्हणायचं. बाकी सगळं लांब."

एवढं बोलून त्यांनी बायकोकडं पाहिलं. सायराबी भाकरी थापत होती. तिनं हात धुतले, गॅस बंद केला.

"बरोबर बोललात तुमी," ती म्हणाली. बाबामियाँ खूश झाले.

"माझं माहेर येडशी. तुमच्या गाडीत मला जागा न्हाय, आन् दुसऱ्याच्या गाडीत तुमी बसू देत न्हाय. तुमची गाडी रोज माझ्या अम्माच्या दारावरनं जाती. हॉर्न ऐकला की म्हातारी उंबऱ्यात येऊन उभी ऱ्हाती. तिला वाटतं, आज तरी सायरा उतरंल. फोनवर रडती ती. आन् मला काय वाटत न्हवतं व्हय, उठावं आन् भेटून यावं?"

म्हातारी बाबामियाँना रोज दिसायची. सासूला सलाम म्हणून हॉर्न तेच मुद्दाम वाजवत. ती आपल्यासाठीच दारात येते, जावयाचा मान ठेवते, अशी त्यांची पक्की समजूत होती. या गोष्टीचं त्यांना केवढं कौतुक होतं! आता मात्र तो उंबरा डोळ्यांपुढून हलेना. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

त्यांनी खिशाचं बटण काढलं आणि पासपोर्ट मदिहाच्या हातात दिला.

"कळव त्यास्नी, येती म्हणून. आन् घरी यावं वाटलं की निघून यायचं. कुणाला इचारत बसू नगंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर बिभीषण मास्तर नेहमीप्रमाणं जीपच्या पुढच्या सीटवर बसायला गेले. बाबामियाँनी हात आडवा घातला.

"मास्तर, आज मागं बसा. पुढं लई लांबची सवारी हाय."

"लांबची? कुठली हो?"

हातात पिशवी घेऊन सायराबी रस्ता ओलांडत होती. बाबामियाँनी उतरून तिच्यासाठी दार उघडलं.

"येडशीची," ते म्हणाले.