चाळीस फुल्या

रस्ता न फोडता डांबराखालची ओल दाखवणारं रडारचं यंत्र रस्ते विभागातल्या इंजिनिअर तरुणीने चार दिवस उन्हात ढकललं आणि अहवाल दिला: रस्ता कोरडा ठणठणीत, कुठेही ओल नाही.

बुटाला कधी डांबर न लागलेल्या मोठ्या साहेबांनी नाक मुरडलं. "एवढं महागडं यंत्र, आणि काहीच सापडत नाही?" खुर्चीतून न उठताच त्यांनी नकाशावर चाळीस फुल्या मारल्या. "इथे खोदून खात्री करा."

चाळीसही खड्ड्यांत धूळ निघाली. मग ते कसेबसे बुजवले आणि त्यावरून एक पावसाळा गेला.

यंदा तिच्या यंत्राने नेमक्या त्याच चाळीस जागी ओल दाखवली.



"बघा मॅडम," साहेब खुर्चीत रेलले, "यंत्राला आत्ता कळलं, ते मी गेल्या वर्षीच ओळखलं होतं."