पत्ता सांगा

शरयूबाईंना दम्याचा झटका आला तेव्हा घरात विश्वंभररावांशिवाय कोणी नव्हतं. इनहेलर रिकामा झाला होता आणि त्यांचे ओठ निळे पडत होते. विश्वंभररावांनी रुग्णवाहिकेला फोन लावला. हल्ली तिथं माणसं बसत नसत. यंत्रच बोलणं ऐकून गाडी पाठवायचं.

"पत्ता सांगा."

"कु... कु... कु..."

विश्वंभरराव लहानपणापासून बोलताना अडखळायचे. घाबरले की शब्दच फुटत नसे.

"आपलं बोलणं समजलं नाही. धन्यवाद." फोन बंद झाला.

पुन्हा लावला, पुन्हा तेच. शेजाऱ्यांकडे धावले, तर त्यांच्या दाराला कुलूप. परत येऊन ते पलंगापाशी रडत बसले. तेवढ्यात शरयूबाईंनी पलंगाच्या कडेवर बोटांनी ठेका धरला. भजन म्हणताना नवऱ्याची जीभ कधीच अडत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

विश्वंभररावांनी फोन लावला आणि भजनाच्या चालीवर गायला लागले, "कुंभार गल्ली, दत्तमंदिरामागं, बायकोला माझ्या श्वास पुरेना..."

"गाडी निघाली आहे," यंत्र म्हणालं.

तरी ते थांबले नाहीत. शरयूबाईंची बोटं मंदावत चालली होती. आपण थांबलो तर ती बोटंही थांबतील, असं वाटून ते पत्ताच पुन्हा पुन्हा गात राहिले.