शेवटच्या रांगेतून दिसणाऱ्या भुवया

मुलींच्या कॉलेजात एकांकिका बसवली की विमल माझा नवरा व्हायची आणि तिची मिशी मीच रंगवायची. आज गारखेड्यात तिच्या घरी मी काजळाच्या पेन्सिलीनं तिला भुवया काढत होते. केमोनं केस नेले, डॉक्टरांनी हात टेकले. "मोनाली परीक्षा सोडून येतीये. बरी दिसले तर परत जाईल लेकरू," विमल म्हणाली. "जाड काढ. शेवटच्या रांगेतून दिसल्या पाहिजेत." "येडे, बघणारी एकच हाय, तीबी गळ्यातच पडणार," मी म्हणाले. दोघी लई हसलो, तेवढ्यात बेल वाजली. "तिसरी घंटा," म्हणत ती ताठ बसली. मोनालीनं आईला मिठी मारली, "किती सुधारलीस!" म्हणाली आणि हसतच माझ्यामागं स्वयंपाकघरात आली. तिच्या ओढणीवर अख्खी भुवई उमटली होती. मी फडका घेतला, तर तिनं ओढणी मुठीत धरली. "राहू दे, मावशी. सकाळी परत जाते."