एकही तक्रार नाही

“धर्मसिंगभाऊ, नवा ड्रम लई झकास काढला तुमी!”

वसमतच्या मोंढ्यात हळदीच्या व्यापाऱ्यानं पाठीवर थाप मारली आणि धर्मसिंग राठोडचं डोकं भणकलं. त्यानं नवा ड्रम काढलाच नव्हता. वाळलेली हळकुंडं घासून चकचकीत करणारा त्याचा लोखंडी ड्रम बारा वर्षांपूर्वी जसा होता तसाच आजही डोंगरकडा गावातल्या त्याच्या कारखान्यातून बाहेर पडत होता. एक नट बदललेला नव्हता. “खपून राहिला ना? मंग हात लावायचा न्हाई,” असं तो मोठ्या तोऱ्यात सांगायचा.

“कुठं पाहिला?” त्यानं विचारलं.

“कुरुंद्याला, सोजराबाईच्या शेतात. नाव तर तुमचंच हाय त्यावर.”

धर्मसिंगनं गाडी थेट कुरुंद्याकडं घातली. आपल्या नावावर कुणी नकली माल विकत असेल तर आज त्याचे हातपाय शाबूत राहणार नाहीत, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

सोजराबाईच्या शेतात ड्रम फिरत होता. लाल अक्षरांतलं नाव त्याचंच. ड्रमही त्याचाच. पण वरून कुणीतरी पत्र्याचं झाकण चढवलेलं, त्याला पंखा जोडलेला, आणि पंख्यातून निघालेला पाइप लांब खड्ड्यात सोडलेला. धर्मसिंगनं ड्रमची मोटार बंद केली, दार उघडून आत डोकं घातलं. आतल्या धारदार लोखंडी पट्ट्या मुळापासून कापून काढल्या होत्या. त्यांच्या जागी गोल सळ्या होत्या.

“कुणी कापला हा?” तो ओरडला.

सोजराबाई हळकुंडं निवडत बसली होती. ती उठलीही नाही. “आवाज खाली करा. ड्रम माझा हाय.”

“पण नाव माझं हाय!”

“म्हणून तर पहिले तुमच्याकडंच आले होते. म्हणलं, पट्ट्यांनं हळकुंडं मोडून राहिले, धुळीनं बायांच्या छातीत आग होऊन राहिली. तुमी खुर्चीवरून उठले बी न्हाई. म्हणले, बाकी कुणाला तकलीफ न्हाई, तुमालाच कशी?”

“मला आठवत न्हाई.”

“मला आठवतं,” असं म्हणून ती उठली आणि तिनं मोटार चालू केली.

ड्रम फिरू लागला. धूळ पाइपातून खड्ड्यात चालली होती. बाजूला चार बाया पोती भरत होत्या, एकीच्याही तोंडाला पदर बांधलेला नव्हता. ते पाहून धर्मसिंग आणखीच पेटला. काम वाईट असतं तर हसून निघून जाता आलं असतं. त्यानं वाकून जोडावर बोट फिरवलं. बाजरीचे दाणे ओळीनं मांडावेत तसा बारीक, एकसारखा जोड. हे वेल्डिंग त्यानं ओळखलं. तो हात त्यानं स्वतः घडवला होता.

तासाभरात तो कारखान्यात होता. सगळ्यात जुना कामगार मुन्ना दाराजवळच वेल्डिंग करत होता.

“कुरुंद्याचा ड्रम तू कापला?”

मुन्नानं तोंडावरची काच वर केली. “व्हय, शेठ.”

“माझं मीठ खाऊन माझाच माल कापतो? कुणाला इचारून?”

“तुमालाच इचारलं होतं. कागदावर सारं काढून आणलं होतं. तुमी त्या कागदावर भजे ठेवून खाल्ले.”

मागं काम करणाऱ्या कामगारांत कुणीतरी खाकरलं. धर्मसिंगच्या कानशिलांत रक्त चढलं.

“बारा साल झाले हा ड्रम विकून राहिलो! पहिले दोन-चार जण कुरकुरले असतील. पण मागच्या दोन सालांत एक तरी तक्रार आली का? एक? मंग तू कोण मला शिकवणारा? चल, निघ. उद्यापासून इथं दिसू नको.”

मुन्नानं मशीन बंद केली. हातमोजे काढून टेबलावर ठेवले. बाकीचे सातजण हातातलं काम टाकून उभे राहिले होते.

“बरं, शेठ. फक्त येवढं सांगा, ह्या हप्त्यात पुसेगावला तीन ड्रम गेले. ते कापायला कोण जाईल?”

“म्हणजे?”

“दोन साल झाले, जो ड्रम इथून जातो त्याच्या मागं ऐतवारी आमच्यापैकी कुणीतरी जातो. पत्रा अन् पंखा शेतकरी आणतो. मजुरी आमी घेत न्हाई. ड्रम वापस यायला लागले असते तर आमच्या आठ घरच्या चुली इझल्या असत्या.” मुन्नाचा आवाज आता चढला. “तक्रारी लई आल्या, शेठ. आमीच त्या तुमच्यापर्यंत येऊ दिल्या न्हाईत.”

धर्मसिंगनं बाकीच्यांकडं पाहिलं. कुणीही नजर चुकवली नाही. मुन्नाच्या थोबाडीत मारायला त्याचा हात वर गेला आणि तसाच राहिला. त्याला मारून तरी काय होणार होतं?

अंगणात सहा नवे ड्रम उभे होते. सकाळी ट्रक येणार होता. त्यांच्यावर लाल रंगात त्याचं नाव घातलेलं होतं, अजून ओलं. तो तरातरा गेला आणि पहिल्या ड्रमवर त्यानं लाथ घातली. लोखंड घुमलं. पायातून कळ गेली, तरी त्यानं दुसरी घातली.

“मुन्ना!” तो अंगणातूनच गरजला. “कटर घेऊन ये इकडं. अन् कुठून कापायचं, ते मला दाखव.”